सुई साडेसातला, ताट पावणेअकराला

मी आहारतज्ज्ञ आहे. नागपुरात रामदासपेठेतल्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात बसते. काय खावं हे पेशंटना बहुतेक ठाऊक असतं; केव्हा खावं हे समजावण्यातच माझी दुपार जाते. आणि तरी हे प्रकरण माझ्याच घरातलं, माझ्याच सल्ल्याने बिघडलेलं. ते आधीच कबूल करून टाकते.

पेशंट म्हणजे माझी मोठी आई. विदर्भाबाहेरच्यांसाठी खुलासा: मोठी आई म्हणजे थोरली काकू. वय ७१, मधुमेह बावीस वर्षांचा, गेली सहा वर्षं मिश्र इन्सुलिन, सकाळी न्याहारीच्या आणि रात्री जेवणाच्या अर्धा तास आधी. सोबत मोठे बाबा, वय ७६, खिशात बटनांचा फोन. २०२४ चा मे महिना. दोघं वेल्लोरला निघाले होते, मोठ्या आईची किडनी दाखवायला. आपल्याकडची कितीतरी माणसं तिकडे जातात; तिकिटावर मात्र वेल्लोर नसतं, काटपाडी असतं. गाडी उत्तरेकडून येऊन केरळात जाणारी, नागपूरला दुपारी बाराच्या सुमारास येणारी. तिचं नाव लिहीत नाही. त्या मार्गावर हे कोणत्याही गाडीत झालं असतं.

वहिनीने सकाळी डबा बांधला: पोळ्या, कोरडा झुणका, शेंगदाण्याची चटणी, काकडी. एकाच वेळचा. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत काय टिकतं? शिवाय मी फोनवर सांगितलं होतं, "रात्रीचं गाडीतच घ्या मोठी आई, गरम भेटेल." मोठ्या बाबांनीही री ओढली. "अवं, गाडीत सारं भेटते. मागच्या बारीला नाही का भेटलं!"

मागची बारी म्हणजे २०१६. हीच गाडी, हाच नंबर. तेव्हा गाडीच्या मध्यावर पँट्री कार, म्हणजे स्वयंपाकघराचा डबा, होती.

आता घटनाक्रम. गाडी चार तास उशिरा. फलाटावर पंखा होता, पण तो गरम हवाच ढवळत होता. दीड वाजता मोठ्या बाबांनी बाकावर डबा उघडला आणि दुपारचं जेवण तिथेच आटोपलं. वेळेच्या हिशेबाने ते योग्यच झालं. गाडी ४ वाजून ५ मिनिटांनी हलली. सेवाग्राम, चंद्रपूर, मग सातच्या सुमारास बल्लारशा. बल्लारशा सुटल्यावर एक मुलगा वही घेऊन ऑर्डर घेत आला. खाना कधी, असं मोठ्या बाबांनी विचारलं. "आठ-साढ़ेआठ बजे, अंकल. वारंगल से चढ़ेगा."

या उत्तरात दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. बल्लारशाहून वारंगल अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गाडी वेळेवर असती तर वारंगल साडेसहाला आलं असतं आणि ताटं वाटत-वाटत आठपर्यंत या डब्यात पोचली असती. त्या दिवशी वारंगल साडेदहाच्या आधी येणारच नव्हतं. मुलगा खोटं बोलला नाही, त्याने रोजचं वाक्य म्हटलं. मोठ्या आईने त्यातलं 'आठ' धरलं आणि साडेसातला सुई घेतली.

साडेआठ झाले, ताट नाही. कागझनगरच्या पुढे गाडी सिग्नलला उभी राहिली. समोरच्या कुटुंबातली मुलं पेंगुळली म्हणून मधले बर्थ उघडले गेले, मोठे बाबा मधल्यावर आडवे झाले, मोठी आई खालच्यावर. नऊच्या पुढे तिला घाम फुटला. एसी डबा, अंगावर ब्लँकेट, त्यामुळे आधी तिला स्वतःलाही तो उकाड्याचाच घाम वाटला. मग हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. मधल्या बर्थवरच्या माणसाला खालच्या बर्थवर काय चाललंय ते दिसत नाही. दिसलं ते बाजूच्या बर्थवरच्या मल्याळी मुलीला. दिल्लीत नर्स, सुटीला घरी निघालेली. भाषा एकमेकींची येत नव्हती. तिने "शुगर? शुगर?" म्हणत मोठ्या आईची पर्स उघडली, त्यातलं मशीन काढलं, बोटाला सुई टोचली. आकडा ५४.

सत्तरच्या खाली रक्तातली साखर गेली की आम्ही तिला हायपो म्हणतो आणि लगेच पंधरा ग्रॅम साखर पोटात घालायला सांगतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. साखर डब्यात कुणाकडेच सुटी नव्हती. वेल्लोरच्या डॉक्टरांना द्यायला नेलेला संत्रा बर्फीचा डबा मात्र होता. तो फोडला. बर्फीत खवा असतो, खव्यातली चरबी साखरेला रक्तात लवकर पोचू देत नाही, म्हणून हायपोत मी बर्फी कधीच सुचवणार नाही. पंधरा मिनिटांनी ६१. तेवढ्यात चहावाला आला. गाडीतला चहा आधीच साखर घालून आणलेला असतो, आणि त्या पाकासारख्या चहाला मोठी आई आयुष्यभर शिव्या देत आली आहे. दोन कप प्याली. मग ८८.

टीटीई आले, पुढच्या मोठ्या स्टेशनला डॉक्टर बोलवायचा का विचारलं. नर्सने आकडा पाहून नको सांगितलं. ताट पावणेअकराला आलं, गार. सरकारी दरपत्रकात गाडीतल्या साध्या शाकाहारी जेवणाचे ८० रुपये आहेत. मागितले १२०, मोठ्या बाबांनी निमूट दिले. घासाघीस करायची ती वेळ नव्हती. नागपूरला मला फोन आला दुसऱ्या दिवशी सकाळी, तोही मोठ्या आईचा, आणि तिने सुरुवात केली ती त्या नर्स पोरीच्या कौतुकापासून.

आता तपासू या.

पहिली चूक माझी. सुई घड्याळावर घ्यायची नसते, समोरच्या ताटावर घ्यायची असते. घरी घड्याळ आणि ताट एकत्रच चालतात, म्हणून तो फरक लक्षात येत नाही. दवाखान्यात मी "आठला जेवता ना, मग साडेसातला घ्या" असंच सांगत आले. मोठ्या आईने माझंच वाक्य गाडीत नेलं.

दुसरी गोष्ट गाडीची, आणि तिथे जरा थांबावं लागेल, कारण पँट्रीबद्दल बोलायला लागलं की लोक हळवे होतात. मी होणार नाही. २०१७ साली कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, ७४ स्टेशनं आणि ८० गाड्या तपासून अहवाल दिला होता. त्यात जेवण माणसांनी खाण्याजोगं नसल्याचं, पाणी शुद्ध न करता वापरल्याचं, पँट्रीत उंदीर-झुरळं असल्याचं लिहिलं आहे. मोठे बाबा २०१६ च्या ज्या गरम जेवणाच्या आठवणी काढतात ते याच काळातल्या पँट्रीतलं. त्यामुळे चवीच्या नि स्वच्छतेच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही.

पण पँट्री गाडीबरोबर धावायची. गाडी चार तास उशिरा म्हणजे स्वयंपाकघरही चार तास उशिरा, आणि तरी ते माणसाच्या भुकेपासून सात-आठ डब्यांवरच. रात्री नऊला मोठे बाबा २०१६ मध्ये स्वतः चालत तिथे गेले होते आणि मोठ्या आईसाठी नुसता भात नि दही घेऊन आले होते. तेलकट भाजी नको, लोणचं नको, एवढं सांगता आलं. कुणी बाळासाठी दूध गरम करून घ्यायचं, कुणी थर्मासात गरम पाणी. यातलं काहीच दरपत्रकात नव्हतं. त्यामुळे ते गेलं तेव्हा 'अमुक सुविधा बंद' असा कागदही निघाला नाही.

त्याच्या जागी आलं ते ट्रेन साइड व्हेंडिंग, म्हणजे ज्या गाडीला पँट्री नाही तिला वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर लायसन्सदाराने जेवण चढवायचं. शिजवणारा वेगळा, वाढणारा वेगळा, हे धोरण २०१७ च्या केटरिंग पॉलिसीपासूनचं. मोठ्या स्टेशनाजवळच्या स्वयंपाकघरात शिजवलं की तपासणी सोपी, धावत्या डब्यात जाळ नको, पाणी भरपूर. कागदावर मला हे पटतं. एक आहारतज्ज्ञ म्हणून मी स्वतः धावत्या पँट्रीपेक्षा जमिनीवरच्या स्वयंपाकघराला जास्त गुण देईन. अडचण एवढीच, की ताट आता प्रवाशाच्या पोटाला बांधलेलं नाही, वारंगलला बांधलेलं आहे. गाडी वेळेवर असेल तोवर हे कळतही नाही.

आणि आपल्या या पट्ट्यात ते जास्त जाणवतं. नागपूरहून दक्षिणेला निघालं की बल्लारशानंतर वारंगलपर्यंत मोठं स्टेशन नाही. उत्तरेला निघालं तर इटारसीपर्यंत तीनशे किलोमीटर तशीच गत. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मोठे मार्ग नागपूरला एकमेकांना छेदतात, म्हणून आपलं स्टेशन पूर्वीपासून जेवणाचं स्टेशन. माझ्या लहानपणी कुणी नातेवाईक नुसता नागपूरवरून 'जाणार' असला तरी पोस्टकार्ड यायचं आणि आम्ही पाच मिनिटांच्या थांब्यासाठी डबा घेऊन फलाटावर उभे राहायचो. वडील डब्यांचे नंबर वाचत पळायचे, आई मागून "सांडेल, सांडेल" करत. आता तेच काम ई-केटरिंगवाला पोरगा करतो, २०१४ पासून. पीएनआर टाका, स्टेशन निवडा, हॉटेलातून जेवण सीटवर. व्यवस्था चांगली आहे, गाडी कुठवर आली हेही हॉटेलवाल्याला कळतं. बटनांच्या फोनवरून ती वापरणं मोठ्या बाबांना मात्र जमत नाही. आणि हो, याच स्टेशनाच्या आवारात रेल्वेचा एक जुना डबा सजवून त्यात हॉटेल थाटलंय. आत एसी, बसायला खुर्च्या. डब्यात जेवण हवं असेल तर तो डबा आता उभा आहे, एवढंच.

पँट्री का काढतात, याचं उत्तर कुणी लपवत नाही. गाडीला किती डबे लावायचे याला मर्यादा असते. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांच्या, गाड्या बहुधा २२ डब्यांच्या. त्यातला एक डबा पँट्रीला दिला तर त्यात एकही बर्थ विकता येत नाही. तिथे थर्ड एसी लावला तर ७२ बर्थ. प्रवासी वाहतुकीत पैसे मिळवून देणारा वर्ग म्हणून वर्षानुवर्षं थर्ड एसीचंच नाव घेतलं जातं. हिशेब करणाऱ्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच केलं असतं.

याच हिशेबाने मोठे बाबा मधल्या बर्थवर पोचले. हे दोघं एरवी स्लीपरचे प्रवासी. पण जुने निळे डबे जाऊन एलएचबी आले, तेव्हा अनेक गाड्यांत स्लीपरचे डबे घटले आणि एसीचे वाढले. त्या गाडीच्या स्लीपरला नव्वदीच्या घरातलं वेटिंग. मिळालं ते थर्ड एसी इकॉनॉमी. २०२१ मध्ये आलेला हा डबा: नेहमीच्या थर्ड एसीत ७२ माणसं झोपतात, यात सुरुवातीला ८३. अकरा माणसांची जागा कुठून आली ते आत बसल्यावर गुडघ्यांना कळतं. उशिरा बुकिंग केल्याने दोघांत एकच खालचा बर्थ आला. स्लीपरमध्ये खिडकी उघडी असते, फेरीवाला प्रत्येक स्टेशनला तोंडासमोर असतो, बल्लारशाला दोन केळी तरी घेतली असती. एसीच्या बंद काचेतून केळी घेता येत नाहीत, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईने फलाटावर उतरावं एवढा थांबा नव्हता. जास्त भाडं देऊन ते जेवणापासून आणखी लांब गेले, असं मला वाटतं.

टॉवेलचं सांगायचं राहिलं. घाम पुसायला नर्सने आपली ओढणी दिली, कारण बेडरोलच्या पाकिटात चादरी होत्या, टॉवेल नव्हता. "खतम हो गया," असं अटेंडंट आधीच बोलला होता. करोनात मार्च २०२० मध्ये ब्लँकेट-पडदे निघाले आणि मार्च २०२२ मध्ये बेडरोल परत देण्याचा आदेश आला. मधली दोन वर्षं लोक एसीचं पूर्ण भाडं भरून घरची चादर नेत होते. इकॉनॉमी डब्यात तर सुरुवातीला बेडरोल नव्हताच, सप्टेंबर २०२२ पासून मिळायला लागला. पुण्याच्या गरीब रथने जाणाऱ्या नागपूरकरांना बेडरोलचे वेगळे २५ रुपये वर्षानुवर्षं पाठ होते. तिथे निदान काय मिळणार नाही ते आधी माहीत असायचं. टॉवेलांबाबत आपणही सोवळे नाही. २०१७-१८ या एका वर्षात एकट्या पश्चिम रेल्वेने १.९५ लाख टॉवेल चोरीला गेल्याचं सांगितलं होतं. आमच्याच गल्लीत एका दुकानदाराच्या खांद्यावर तसला एक मी ओळखला आहे.

मला खटकतं ते तिकीट. भारतीय रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल करते, असं त्याच्यावर छापलेलं असतं. आपल्यावर किती उपकार आहेत तेवढं समजतं. गाडीला पँट्री आहे की नाही, रात्रीचं जेवण कोणत्या स्टेशनावरून चढतं, त्या स्टेशनाची ठरलेली वेळ काय, यातलं एक अक्षर नसतं. वारंगल १८.३० एवढं जरी छापलं असतं तरी मोठ्या बाबांनी त्यात चार तास मिळवले असते. ते चाळीस वर्षं जिल्हा परिषदेत हिशेब लिहीत होते.

आता या जेवणाकडे माझ्या धंद्याच्या नजरेने. ठरलेल्या साध्या थाळीत भात १५० ग्रॅम, चार पोळ्या मिळून १०० ग्रॅम, डाळ १५० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, दही ८० ग्रॅम आणि लोणचं. म्हणजे कर्बोदकं अंदाजे शंभर-सव्वाशे ग्रॅम. मोठ्या आईच्या रात्रीच्या जेवणाच्या जवळजवळ दुप्पट. ती घरी दीड पोळी नि वाटीभर वरण खाते. म्हणजे ताट वेळेवर आलं असतं आणि तिने "पैसे दिलेत" म्हणून संपवलं असतं, तर साखर दुसऱ्या बाजूने चढली असती. पँट्रीत भात-दही सांगून आणता यायचं. शिक्का मारलेल्या बंद ताटाला काय सांगणार? त्या रात्री, हायपोनंतर, ते जास्तीचं ताट तिला चाललं. नुसता योगायोग.

परतीच्या प्रवासासाठी मी काटपाडीला फोनवर फोन केले. एक, सुई हातात घ्यायची ती ताट मांडीवर आल्यावरच. अर्धा तास आधीचा नियम गाडीत गेला खड्ड्यात, हे मी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सांगितलं आणि वाचणाऱ्यांनीही आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करावं. दोन, पर्समध्ये ग्लुकोजची पुडी, बर्फी नव्हे. तीन, न शिजवता चालणारं एक जेवण कायम जवळ: भाजलेले फुटाणे, मुरमुरे, दोन केळी, खाकरे. चार, डब्यातल्या निदान एका अनोळखी माणसाला बसल्याबरोबर सांगून ठेवायचं, मला साखर आहे आणि सुई घेते. या चौथ्यावर मोठी आई अडली. "लोकायले काऊन सांगू माह्या बिमाऱ्या?" मी त्या नर्सची आठवण दिली. मग गप्प बसली.

दवाखान्यातला छापील कागदही बदलला. 'जेवणाआधी अर्धा तास' याच्या खाली हाताने एक ओळ लिहिते: प्रवासात, लग्नात, उपासाच्या दिवशी वेगळं विचारा. लग्नातली पंगत आणि उशिराची गाडी, दोन्हीकडे ताटाची वेळ दुसऱ्याच्या हातात असते. लग्नाचं मला आधीपासून सुचत होतं, गाडीचं सुचलं नव्हतं. दरमहा तीन-चार तरी पेशंट वेल्लोर, चेन्नई, दिल्लीची तिकिटं घेऊन येतात. आता मी त्यांना गाडीचा नंबर विचारते. ते चकित होतात.

नोव्हेंबरात दोघं पुन्हा गेले, फेरतपासणीला. मी फलाटावर सोडायला गेले होते. शेजारच्या फलाटावर वंदे भारत उभी होती, तिच्यात ट्रे चढवले जात होते. मोठे बाबा जरा वेळ तिकडे बघत राहिले, मग म्हणाले, "काटपाडीला नाही जात ना हे?" यावेळी गाडी दीड तासच उशिरा होती. वहिनीने दोन डबे दिले होते, एकावर पेनाने 'दुपार', दुसऱ्यावर 'रात्र'.

आठ वाजून दहा मिनिटांनी मोठ्या आईचा फोन आला. मागे गाडीचा खडखडाट, बहुतेक वारंगलच्या आसपासचा पट्टा.

"दुपारचा डबा झाला. रातचा याहीनं पोराले देऊन टाकला, समोरच्या. त्याले भूक लागली म्हणे. ताट सांगतलं आहे."

"आणि सुई?"

"ताट आलं का? मंग सुई कशाची घेते मी!"